जुन्या क्लासिक ३५०चे मागचे शॉकअप बदलायचेत? आधी टेप काढा

सेकंडहँड रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० घेतली की पहिल्या महिन्यात दोन सल्ले हमखास मिळतात: सायलेन्सर बदल आणि मागचे शॉकअप बदल. सायलेन्सरबद्दल ट्रॅफिक पोलीस सांगतीलच, हा लेख शॉकअपबद्दल आहे.

ज्यांनी गाडीला आजवर चेनला तेल देण्यापलीकडे हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. डोळ्यांसमोर गाडी आहे २००९ साली आलेली आणि २०२१ पर्यंत विकली गेलेली यूसीई इंजिनची (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात असलेली) क्लासिक ३५०. त्यानंतरची जे-सीरिज या नव्या इंजिनाची क्लासिक नाव तेच ठेवून आली, पण चेसीपासून सगळं वेगळं आहे. तिचे शॉकअप हिला लावायच्या भानगडीत पडू नका. पद्धत मात्र दोन शॉकअप असलेल्या कुठल्याही गाडीला चालेल, मग ती पल्सर असो की स्प्लेंडर. मोनोशॉकवाल्यांनी, म्हणजे मागे एकच शॉकअप असलेल्यांनी, मोजमापाचा भाग घ्यावा आणि फिटिंगचा भाग सोडावा.

स्प्रिंगचं काम वेगळं, तेलाचं वेगळं

शॉकअपमध्ये दोन कामं चालतात आणि बहुतेक गोंधळ ती एकच समजल्याने होतो. स्प्रिंग वजन पेलते आणि खड्ड्यात दबते. दबलेली स्प्रिंग तितक्याच जोराने परत उसळणार, म्हणून आत तेलाचा दांडा असतो. पिस्टनच्या बारीक छिद्रांतून तेल जाताना विरोध होतो आणि उसळी मरते. तेल गळालं की गाडी स्पीडब्रेकरनंतर दोन-तीनदा डुलते. बिचारी स्प्रिंग ठणठणीत असते, पण गॅरेजवाला सांगतो, ‘शॉकअप नरम झालेत.’

‘गॅसचे शॉकअप’ म्हटलं की अनेकांना वाटतं गाडी गॅसवर तरंगते. तसं काही नाही. नायट्रोजनचं मुख्य काम तेलाला दाबाखाली ठेवणं, म्हणजे सलग खड्ड्यांत तेलाचा फेस होत नाही. फेस झाला की छिद्रांतून तेलाऐवजी बुडबुडे जातात आणि विरोध गायब होतो. कच्च्या रस्त्यावर पहिले चार किलोमीटर ठीक चालणारी गाडी नंतर घोड्यासारखी उधळायला लागते, ती यामुळे.

तिसरी गोष्ट म्हणजे स्प्रिंगखालची ती खाचांची कॉलर, जिला प्रीलोड म्हणतात. क्लासिकला तिची पाच घरं आहेत. कॉलर वर चढवली की स्प्रिंग कडक होते, असं सगळे म्हणतात. होत नाही. समजा स्प्रिंग मिलिमीटरला २० न्यूटनची आहे. पहिल्या घरात असो वा पाचव्या, पुढचा प्रत्येक मिलिमीटर दाबायला २० न्यूटनच लागतात. कॉलरने बदलतं ते एवढंच, की तुम्ही बसल्यावर गाडी किती खाली बसते. पुढचं सगळं मोजमाप यावरच उभं आहे.

आधी दोषी कोण ते ठरवा

जुन्या गाडीचा मागचा भाग आपटतो किंवा डुलतो म्हणून लगेच शॉकअपवर खापर फोडू नका. टायरमधली हवा थंड टायरवर मोजा. पेट्रोल पंपावरचा मुलगा सगळ्यांनाच सारखी भरतो. पाच-सात पीएसआय जास्त असेल तर उत्तमातले उत्तम शॉकअपही दगडासारखे वाटतील.

मग गाडी डबल स्टँडवर घ्या. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवा. खटखट जाणवली तर चाकाचं बेअरिंग तपासा. बेअरिंग चांगलं असेल तर चिमटा, म्हणजे स्विंगआर्म, धरून तसाच हलवा. चिमट्याचे बुश, म्हणजे सांध्यातल्या झिजणाऱ्या नळ्या, गेले असतील तर गाडी वळणावर मागून पोहल्यासारखी वाटते, आणि नवे शॉकअप टाकून तो पैसा पाण्यात जातो. आरे असलेल्या चाकाला एकेका आऱ्यावर पान्याने टिचकी मारा. सगळ्यांचा आवाज साधारण सारखा यायला हवा, ‘थप’ असा मेलेला आवाज आला तर तो आरा ढिला आहे.

आता शॉकअप. दांड्यावर तेलाचा ओलावा किंवा तेलात कालवलेली धूळ दिसते का? क्रोमवर गंजाचे खड्डे पडलेत का? खड्डे पडलेला दांडा नवं सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, आठवड्यात खातो, त्यामुळे ‘फक्त सील बदलून देतो’ ही ऑफर नाकारा. वरच्या-खालच्या डोळ्यांतले (शॉकअप अडकवायच्या भोकांतले) रबरी बुश चिरलेत का? शेवटी गाडी स्टँडवरून काढून सीट पूर्ण दाबा आणि सोडा. मागचा भाग वर येऊन एकदाच स्थिर व्हायला हवा. परत खाली-वर झाला तर आतलं काम संपलं आहे.

सेकंडहँड गाडीत आणखी एक गोष्ट नक्की बघा: आधीच्या मालकाचे उद्योग. दोन शॉकअप दोन वेगळ्या जोड्यांतले असतात. एका बाजूची कॉलर दुसऱ्या घरात, दुसऱ्या बाजूची चौथ्यात असते. रुंद टायर बसवायला किंवा गाडी उंच दिसायला खालच्या टोकाला लोखंडी एक्स्टेंशन ठोकलेलं असतं. ते आधी काढा. शॉकअपचा भार डिझाइनमध्ये नसलेल्या तुकड्यावर आणि एका बोल्टवर टाकायचा, ही काटकसर नाही. कित्येक गाड्यांचा ‘प्रॉब्लेम’ इथेच मिटतो.

मोजायचं कसं

टेप, थोडी चिकटपट्टी, वही आणि एक मित्र, एवढं पुरतं. तुम्ही रोज घालता ते हेल्मेट, बूट, पाठीवरची बॅग सगळं अंगावर हवं. उघड्या अंगाने मोजलेलं माप ऑफिसला जाताना लागू पडत नाही.

मागच्या ॲक्सलच्या मधोमधपासून सरळ वर, सीटखालच्या चेसीवर चिकटपट्टीची खूण करा. मडगार्ड हलतो, त्यावर खूण नको. डबल स्टँडवर चाक हवेत लोंबकळत असताना ॲक्सल ते खूण हे पहिलं माप. स्टँडवरून काढून गाडी सरळ धरून, कोणी न बसता, दुसरं माप. तुम्ही नेहमीसारखे बसून, पाय फूटरेस्टवर ठेवून, मित्राने गाडी पुढून तोलून धरलेली असताना तिसरं माप. टेप दुसऱ्याच कोणी धरायचा. वाकून स्वतः बघितलंत की माप बदललं.

बुश आणि सीलच्या घर्षणाने गाडी कधी चार मिलिमीटर वर अडकते, कधी खाली. म्हणून दुसरं आणि तिसरं माप दोनदा घ्या: एकदा सीट दाबून हलकेच सोडल्यावर, एकदा मागून जरा उचलून हलकेच सोडल्यावर. दोन्हीची सरासरी खरी.

समजा मापं आली ५४०, ५३२ आणि ५१२. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने ८ मिलिमीटर बसली, ही रिकामी सॅग. तुमच्यासकट २८ बसली, ही चालकासकट सॅग. या गाडीच्या मागच्या चाकाचा एकूण प्रवास ८० मिलिमीटर आहे. रस्त्यावरच्या गाडीत चालकासकट सॅग प्रवासाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी असावी, म्हणजे २५ ते २८ च्या आसपास, आणि रिकामी सॅग ५ ते १५ मध्ये. या उदाहरणातल्या गाडीला नव्या स्प्रिंगची गरज नाही. दांडा कोरडा असेल तर शॉकअपचीही नाही.

गाडी बसायलाच हवी का, असा प्रश्न येतो. हवी. खड्डा आला की चाक खाली उतरलं पाहिजे, आणि उतरायला जागा त्या बसण्यातूनच मिळते. अजिबात न बसणारी गाडी प्रत्येक खड्ड्यावरून चाक उचलत जाते.

आकडे वाचायची उलटी रीत

आधी कॉलर फिरवून चालकासकट सॅग पंचवीस-अठ्ठावीसच्या जवळ आणा. दोन्ही बाजूंचं घर सारखंच. मग रिकामी सॅग बघा.

ती शून्याला टेकली, गाडी स्टँडवरून उतरवली तरी हलत नाही, तर तुमच्यासाठी स्प्रिंग नरम आहे. नरम स्प्रिंगला वर धरण्यासाठी कॉलर इतकी चढवावी लागली, की रिकाम्या गाडीचं वजन तिला दाबूच शकत नाही. हाताला कडक लागते म्हणून लोक इथे आणखी नरम स्प्रिंग शोधतात आणि फसतात.

याउलट रिकामी सॅग २० आली आणि तुम्ही बसल्यावर गाडी जेमतेम सात-आठ मिलिमीटर उतरली, तर स्प्रिंग तुमच्या वजनाला कडक आहे. पहिल्याच घरात कॉलर असून चालकासकट सॅग १५ च्या पुढे जात नसेल तरी निदान तेच.

डबल सीटचं माप वेगळं घ्या. रोज मागे कोणी बसत असेल तर स्प्रिंग त्या वजनाकडे झुकवून निवडा, अधूनमधून बसत असेल तर एकट्याच्या वजनाने निवडून त्या दिवशी कॉलर दोन घरं चढवा. त्यासाठी लागणारा हूक पाना टूलकिटमध्ये असायचा, जुन्या गाडीत तो क्वचितच सापडतो. दहा मिनिटांत विकत मिळतो. छिन्नी-हातोडीने कॉलर फिरवू देऊ नका, खाचा झिजल्या की ती कायमची अडकते.

काय घ्यायचं

सत्तर किलोच्या आसपासचा माणूस, रोज शहरात ये-जा, शॉकअप गळके: त्याने कंपनीचीच नवी जोडी घ्यावी. ‘अपग्रेड’ म्हणून हे ऐकायला फिकं आहे, पण दहा वर्षं वापरलेल्या जोडीवरून नव्या मूळ जोडीवर येणं हाच सगळ्यात मोठा फरक असतो. सुट्या भागांत नकली माल भरपूर आहे, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. शॉकअप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी गॅब्रिएल १९६१ साली मुलुंडला सुरू झाली आणि एन्ड्युरन्सचं मूळ छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजचं. चांगलं बनवणारे घराजवळच आहेत, स्वस्तातली चमक लांबून मागवायची गरज नाही.

वजन जास्त असेल, डबल सीट नेहमीची असेल किंवा लांबचे दौरे होत असतील, तर बाहेरची जोडी विचारात घ्या. थायलंडच्या वायएसएससारख्या कंपन्या या गाडीसाठी वेगवेगळ्या दर्जाचे शॉकअप बनवतात. वर स्वीडनचे ओहलिन्स वगैरे आहेत, पण तिथली किंमत अर्ध्या जुन्या गाडीशी स्पर्धा करते. माझ्या मते क्लासिकच्या ८० मिलिमीटर प्रवासात तेवढा पैसा वसूल होत नाही.

दुकानदाराला विचारायचे प्रश्न तीन. माझ्या वजनासाठी कोणती स्प्रिंग देणार? उत्तर ‘सगळ्यांना हीच चालते’ असं आलं तर पुढे चला. रिबाउंड, म्हणजे वर येण्याचा वेग, बदलता येतो का? कडक स्प्रिंगला जास्त रिबाउंड आवर लागतो, त्यामुळे नुसती स्प्रिंग कडक आणि दांडा जुनाच, हा जोड उसळी वाढवतो. आणि सील, तेल, गॅस बदलून शॉकअप परत बांधता येतो का, येत असेल तर कुठे?

बाजूला लाल-सोनेरी डबी असलेल्या स्वस्त जोड्यांपासून सावध राहा. खऱ्या शॉकअपमध्ये त्या डबीत जादा तेल आणि गॅस असतो आणि ती शॉकअपच्या पोकळीला आतून जोडलेली असते. स्वस्त मालात कित्येकदा ती नुसती स्क्रूने अडकवलेली, आतून रिकामी शोभेची बाटली असते.

ऑर्डर देण्याआधी

नाव सांगून मागवू नका, मापं देऊन मागवा. चाक हवेत असताना वरच्या डोळ्याच्या मधोमधपासून खालच्या डोळ्याच्या मधोमधपर्यंतची लांबी मोजा, पण आधीचे शॉकअप मूळचेच आहेत याची खात्री करून. बुशच्या आतल्या नळीचा व्यास आणि रुंदी वर-खाली वेगळी असू शकते. खालचं टोक डोळ्याचं आहे की दुबोटी, म्हणजे दोन बोटांसारख्या फाट्याचं, तेही पाहा. जाड स्प्रिंग चेनगार्डला, सायलेन्सरला किंवा रुंद टायरला घासणार नाही ना, हेही तपासा.

लांबी मूळचीच ठेवा. दहा मिलिमीटरने काय होतंय, असं वाटतं. गाडी मागून उचलली की पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, जास्त उभा होतो आणि हँडल चंचल होतं, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, डबल स्टँडवर चाक जमिनीला टेकायला लागतं. आखूड शॉकअप लावले तर उलट: खोल खड्ड्यात टायर मडगार्डला भिडतो आणि डबल स्टँडवर चढवताना घाम फुटतो.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. त्याच जागी, त्याच लांबीचे शॉकअप बसवताना आरसीतला कुठला तपशील बदलत नाही. चेसी कापून माउंटिंग सरकवणं किंवा चिमटा लांबवणं मात्र सरळ गुन्ह्यात जातं. कोणी सुचवलं तर त्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा.

बसवताना

आदल्या रात्री चारही नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. गाडी डबल स्टँडवर, सिमेंटच्या सपाट जमिनीवर घ्या. मातीत किंवा दुपारच्या तापलेल्या डांबरावर स्टँड रुततो. चाकाखाली लाकडी फळी सरकवा, म्हणजे ते लोंबकळणार नाही.

कुठलाही नट उघडण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. वायसर कुठल्या क्रमाने आहेत, साडीगार्डची किंवा बॅगच्या स्टँडची पट्टी शॉकअपच्या नटाखाली अडकवली आहे का, हे संध्याकाळी आठवत नाही. साडीगार्ड काढून टाकायचा मोह होईल, पण मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे सक्तीचं आहे. त्याची पट्टी नव्या शॉकअपच्या रुंदीत बसते का ते आधीच पाहा.

एका वेळी एकच बाजू. दोन्ही शॉकअप एकदम काढले की चिमटा खाली पडतो आणि सगळं वजन मागच्या ब्रेकच्या जोडणीवर आणि चेनवर येतं. एक जुना जागेवर राहिला की भोकं आपोआप समोरासमोर राहतात.

रिंग पाना किंवा गोटी पाना वापरा, उघड्या तोंडाचा पाना घसरून नटाची कडा गोल करतो. जुना बुश खिळ्याला (शॉकअप ज्यावर अडकतो त्या दांडीला) गंजून चिकटला असेल तर शॉकअप हाताने पिळत-पिळत बाहेर ओढा. खिळ्याच्या तोंडावर हातोडी मारू नका. कित्येक गाड्यांत हा खिळा चेसीला वेल्ड केलेला असतो, त्याचे आटे गेले की दोन हजारांचं काम वेल्डिंगपर्यंत जातं. खिळा घासून साफ करा, गुळगुळीत भागावर ग्रीसचा पातळ हात फिरवा, रबराला आणि आट्यांना ग्रीस लागू देऊ नका.

नवा शॉकअप लावण्याआधी उभा धरून, खालचं टोक जमिनीवर टेकवून, सात-आठ वेळा दाबा. आडव्या खोक्यात महिनोन्महिने पडल्याने तेलात शिरलेली हवा वर निघून जाते. कुठलं टोक वर हे कंपनीच्या कागदावर बघा. कॉलर अशा दिशेला ठेवा की पाना पोचेल.

चारही नट आधी हातानेच घट्ट करा. मग फळी काढा, गाडी चाकांवर उभी करून कोणाला तरी सीटवर बसवा आणि त्या अवस्थेत शेवटचं घट्ट करा. हवेत लोंबकळत्या चाकाला नट आवळले तर गाडी खाली आल्यावर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर चिरतात. टॉर्क, म्हणजे नट आवळायचा जोर, किती द्यायचा ते सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, टॉर्क मोजणारा पाना भाड्याने मिळाला तर उत्तम. ‘अंगातला जोर’ हे एकक नाही.

गॅसचा जुना शॉकअप कुतूहलापोटी उघडू नका. आत दाब असतो आणि स्प्रिंग दबलेली असते.

पहिल्या फेरीपूर्वी आणि नंतर

चेनचा ढिलेपणा परत मोजा, तोही कोणी बसलेलं असताना, आणि चाक फिरवून जिथे चेन सर्वांत ताठ असते तिथे. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो का ते रात्री भिंतीवर बघा. मागे दोघे बसवून जोरात दाबा आणि टायर कुठे घासत नाही याची खात्री करा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चारही नट पुन्हा तपासा आणि सॅग पुन्हा मोजा.

मग ओळखीच्या एकाच रस्त्यावर गाडी चालवून बघा. एक पट्टा असा निवडा, ज्यात एक आखूड स्पीडब्रेकर आणि सलग पेव्हर ब्लॉकचा भाग आहे. इंडियन रोड्स काँग्रेसचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, ताशी पंचवीसच्या वेगाने आरामात ओलांडण्यासाठी. आपल्या गल्लीतला बहुधा हातभर रुंद आणि वाटेल तितका उंच असतो. कुठलाही शॉकअप त्याला पूर्ण गिळू शकत नाही, त्यामुळे अपेक्षा त्या हिशेबाने ठेवा.

स्पीडब्रेकर उतरल्यावर सीट ढुंगणाला लाथ मारते? रिबाउंडचा आवर कमी आहे, रिबाउंडचा स्क्रू एक-दोन टिचक्या (फिरवताना लागणारे खटके) आत घ्या. पेव्हर ब्लॉकवर सुरुवात बरी, पण पुढे-पुढे गाडी खाली बसत जाते आणि कडक होते? रिबाउंडचा आवर जास्त आहे, दबलेल्या शॉकअपला पुढच्या खड्ड्याआधी परत उघडायला वेळ मिळत नाही, म्हणून स्क्रू एक-दोन टिचक्या बाहेर घ्या. ही दुसरी खूण नवख्यांना हमखास चकवते, कारण ती कडक स्प्रिंगसारखी लागते. टिचक्या नेहमी पूर्ण बंद स्थितीपासून मोजा, दोन्ही बाजूंना सारख्या ठेवा, एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. रिबाउंडचा स्क्रू नसलेल्या जोडीत हे सगळं वगळा, तुमच्या हातात फक्त कॉलर आहे.

मागचं नीट झालं की पुढचं खटकायला लागतं. ब्रेक दाबल्यावर नाक पूर्वीपेक्षा जास्त बुडतंय असं वाटेल. बिघाड नवा नसतो, फोर्कमधलं तेल कित्येक वर्षांत बदललेलं नसतं. तेल आणि सील बदलायला सांगा, नव्या फोर्कची चौकशी इतक्यात नको.

जुनी जोडी लगेच भंगारात देऊ नका. गळत नसेल तर पुसून, त्यांचे वायसर आणि नट एका पिशवीत घालून ठेवा. पुढच्या गिऱ्हाइकाला गाडी मूळ अवस्थेतच हवी असेल तर नवी जोडी काढून वेगळी विकता येते. गळकी गॅसची जोडी द्यायची झाली, तर आत गॅस आहे हे भंगारवाल्याला सांगून द्या, तो ती कटरने कापतो.